डोहाळजेवण, सुकडी आणि जामखेड : गरोदर बाईच्या पानाचा इतिहास

#थ्रेड

१/
अहिल्यादेवी होळकरांचा जन्म १७२५ साली चौंडीचा. चौंडी हे आजच्या जामखेड तालुक्यातले गाव; अहमदनगर जिल्ह्याला २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव मिळाले ते त्यांच्यामुळे. त्याच तालुक्यात सुमारे अडीचशे वर्षांनी एक प्रश्न उभा राहिला. इतिहासाच्या पुस्तकांत असल्या प्रश्नांना सहसा जागा मिळत नाही. गावातल्या गरोदर बायका एकत्र जमल्या, तर त्यांच्यापुढे खायला काय ठेवावे? ते कोणी शिजवावे? आणि त्यांनी ते तिथेच खावे की घरी न्यावे?

२/
प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु यात जात आहे, दुष्काळ आहे, विज्ञान आहे आणि सर्वोच्च न्यायालयही आहे. क्रमाने पाहू.

३/
गरोदर स्त्रीला चार बायकांत बसवून खाऊ घालण्याची रीत आपल्याकडे जुनीच. डोहाळजेवण म्हणजे दुसरे काय? सातव्या महिन्यात ओटी, फुलांची वाडी, गाणी आणि तिला आवडेल ते पानात. बाळंतपणानंतर डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. या परंपरेत शहाणपण होते यात शंका नाही. पण तो कौतुकाचा एक दिवस होता, आणि तोही ज्यांच्या घरी तूप-डिंक परवडत असे त्यांचा. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी स्त्री नवव्या महिन्यापर्यंत खुरपतच असे.

४/
आणि उरलेल्या दिवसांचे काय? सर्वांचे आटोपल्यावर उरेल ते सुनेने खायचे, हा घराघरांतला अलिखित नियम. त्यावर आणखी एक समजूत : पोटुशीने फार खाल्ले तर मूल मोठे होते आणि अडते. तेव्हा कमीच खावे. ही समजूत केवळ अज्ञानातून आली, असे म्हणून तिला हसणे सोपे आहे. ज्या गावात अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात नेण्याचे साधन नाही, तिथे लहान मूल व्हावे ही इच्छा भीतीतून येते, आणि ती भीती खोटी नव्हती.

५/
कमी खाण्याची किंमत किती, हे शास्त्राला कळू लागले ते आपल्याच मुंबईत. म्हणून जामखेडला पोचण्याआधी थोडे परळला थांबू. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. तिचे संशोधन हाफकिन संस्थेत चाले. विषय होता गरोदर स्त्रियांचा, विशेषतः गिरणगावातल्या गरीब स्त्रियांचा, जीवघेणा रक्तक्षय. त्यांच्या आहारात भाजी, फळे, प्रथिने यांची वानवा असल्याचे तिने टिपले.

६/
मग तिने यीस्टचा अर्क देऊन पाहिला. मार्माइट या नावाने तो बाटलीत मिळे. मद्य गाळताना उरणाऱ्या यीस्टपासून बनलेला, म्हणून स्वस्त. रुग्ण स्त्रिया झपाट्याने सुधारल्या. १९३१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे निष्कर्ष आले. त्या अर्कातले अज्ञात द्रव्य बरीच वर्षे ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखले गेले. १९४१ साली पालकाच्या पानांतून ते वेगळे काढण्यात आले आणि पानाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव फॉलिक आम्ल ठरले. आज प्रत्येक गरोदर स्त्रीला मिळणाऱ्या गोळीचा उगम असा परळच्या चाळींत आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत ही बाई का नाही, हे मला न उलगडलेले कोडे आहे.

७/
तेव्हा १९७० साली ज्ञान होते, गोळी होती. नव्हती ती वाट : गोळी आणि घास जामखेडच्या वाडीवस्तीवर पोचवण्याची. त्या वर्षी डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले. दोघे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. आधी नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केलेले. तिथे त्यांना उमगले की, बरे करून पाठवलेला रोगी पुन्हा त्याच आजाराने परततो, कारण आजाराचे मूळ गावात असते. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण, आणि परतल्यावर जामखेड.

८/
बालाघाटाच्या रांगांलगतचा, बीड आणि धाराशिवच्या सीमेवरचा हा कोरडा तालुका. १९७१ साली प्रकल्पाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे १७६ बालके वर्ष पुरे होण्याआधी दगावत. गरोदरपणी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा एकही नव्हत्या.

९/
आणि लगेच १९७२ चा दुष्काळ आला. आजी-आजोबांना विचारा; दोन शब्द हमखास निघतील. एक ‘मिलो’, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. दुसरा ‘सुकडी’, दुष्काळी कामावर वाटला जाणारा, गूळ घातलेला कोरडा पौष्टिक खाऊ. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांत खडी फोडणाऱ्या गरोदर बायकाही होत्या. सुकडीची चव कोणाला आवडली, कोणाला नाही. पण कामाच्या जागीच हातात पडणारा तो घास होता, हे ध्यानात ठेवा. पुढे ते कामी येईल.

१०/
आरोळ्यांना दवाखाना चालवायचा होता. गावांनी मागितले अन्न आणि पाणी. त्यांनी गावाचे ऐकले, आणि मला वाटते जामखेडच्या यशाचे खरे बीज इथे आहे. गावोगाव सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू झाली, लहान मुलांसाठी आणि गरोदर-बाळंतिणींसाठी. मदतसंस्थांकडून शिधा आला. जळण, भांडी आणि हात गावाचे.

११/
एका चुलीवरचे अन्न म्हटले की पुढचा प्रश्न अटळ : शिजवणार कोण? पंगतीत कोण कोणाशेजारी बसणार? पाण्याच्या बाबतीत प्रकल्पाने युक्ती केली. हातपंप मुद्दाम दलित वस्तीत बसवले, म्हणजे पाणी हवे तर सवर्णांनी तिथे यावे. अन्नाच्या बाबतीत अशी युक्ती चालण्यासारखी नव्हती. तिथे वेळ गेला. गावातल्या पोरांना भूक जातीपेक्षा आधी कळली. बायकांचा संकोच सावकाश गळला.

१२/
पुढे गावांनीच निवडलेल्या स्त्रिया आरोग्य कार्यकर्त्या म्हणून जामखेडला शिकायला येऊ लागल्या. त्याआधी शिकलेल्या नर्सबाई गावात ठेवण्याचा प्रयोग फसला होता. तरुण, परगावच्या मुली तिथे टिकेनात. आता आलेल्या स्त्रिया मध्यमवयीन, बहुतेक निरक्षर, अनेकजणी दलित. शिकण्याइतकेच महत्त्वाचे होते सोबत राहणे आणि सोबत जेवणे. एका पंगतीत जेवलेली बाई परत गावी गेली, की तिच्या हातचे कोण खाईल हा प्रश्न निदान तिच्यापुरता सुटलेला असे.

१३/
आता मुख्य मुद्दा. गरोदर बाईला पोषक अन्न घरी द्यावे की जमावात खाऊ घालावे? हिशेबाला घरी देणे सोपे. पण घरी गेलेला शिधा घरच्या पातेल्यात पडतो आणि पुन्हा शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या वाट्याला तळ येतो. तिला चार बायकांत बसवून खाऊ घातले, तर तो घास तिच्याच पोटात जातो.

१४/
दुसरे कारण अधिक नाजूक. ‘जास्त खा’ असे डॉक्टरने सांगून अडण्याची भीती जात नाही. शेजारची बाई म्हणते, मी खाल्ले, मूलही चांगले झाले आणि मीही सुटले. तेव्हा ती जाते. त्यासाठी एकत्र बसावे लागते. आणि एकत्र बसायला निमित्त लागते. हळदीकुंकवाला जाऊ देणारी सासू ‘आरोग्यशिक्षणा’ला जाऊ देईलच असे नाही.

१५/
मग पुढ्यात ठेवायचे काय? दुष्काळात आलेले परके धान्य कायमचे पुरणारे नव्हते. काही गावांत तरुण शेतकरी मंडळांनी पोषणासाठी पीक घ्यायला जमीन दिली, आणि भर स्थानिक अन्नावर आला : ज्वारी, डाळी, शेंगदाणे, गूळ, पालेभाजी. दुकानातल्या डब्यातले काही नाही.

१६/
याचे गणित आजच्या आकड्यांत मांडू. गरोदरपणी दिवसाला सुमारे ३५० उष्मांक अधिक लागतात, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद सांगते. एक मूठ, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे आणि गुळाचा २० ग्रॅमचा खडा : सुमारे २४० उष्मांक, ७ ते ८ ग्रॅम प्रथिने. सोबत वाटीभर मोडाची मटकी, वर लिंबू. त्या दिवसाची तूट जवळजवळ भरली. गुळातल्या लोहाचा आपल्याकडे जरा अधिकच गवगवा होतो. पण लिंबू किंवा आवळा कडधान्यातले लोह अंगी लागायला मदत करतो, हे मात्र खरे. आणि याच बैठकीत आग्रहाने दिला जाणारा चहा नेमके उलटे करतो. आतिथ्याचा इतिहास लिहिताना चहाचा हा गुन्हाही नोंदवायला हवा!

१७/
परिणाम? प्रकल्पाच्या नोंदींनुसार बालमृत्यूदर १९७१ च्या १७६ वरून १९७६ पर्यंत ५२ वर आला. गरोदरपणीच्या तपासण्या शेकडा ८० वर गेल्या. हे श्रेय एकट्या अन्नाचे नाही. स्वच्छ पाणी, धनुर्वाताची लस, सुरक्षित बाळंतपण, सारेच एकत्र चालले होते. त्यातला शेंगदाण्यांचा वाटा वेगळा काढून दाखवता येणार नाही. परंतु जी बाई खायला आली, तीच लस टोचून घ्यायलाही थांबली, हा संबंध विसरू नये.

१८/
१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हातांनी उभ्या राहिलेल्या आरोग्यसेवेवर पुस्तक काढले, त्यात जामखेडवर प्रकरण आहे. १९७८ ला अल्मा-आटाची परिषद, १९७९ ला आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार.

१९/
त्याच १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा सुरू केली. आपली अंगणवाडी ती हीच. गरोदर स्त्रीच्या आहाराचा प्रश्न आता सरकारी झाला, आणि पातेल्याची जागा हळूहळू पाकिटाने घेतली. घरी नेण्याचे तयार मिश्रण. त्यामागे कंत्राटे आली. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत असे बजावले. तरी फेब्रुवारी २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या घरपोच आहाराच्या निविदा त्याच न्यायालयाला रद्द कराव्या लागल्या.

२०/
२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातेला ६०० उष्मांक व १८ ते २० ग्रॅम प्रथिनांचा आहार हक्क म्हणून दिला. ‘आहार’ घरी न्यायचा की बसून खायचा, या जामखेडच्या जुन्या प्रश्नावर मात्र कायद्याच्या अनुसूचीने घरी नेण्याच्या शिध्याच्या बाजूने कौल दिला.

२१/
गंमत पाहा. १९९० च्या दशकात अमेरिकेत शॅरन शिंडलर रायझिंग या परिचारिका-सुईणीने गरोदर स्त्रियांची तपासणी गटाने करण्याची पद्धत रुजवली : आठ-दहा जणी गोलाकार बसतात, एकमेकींशी बोलतात, मध्ये पौष्टिक खाऊ. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेने, संशोधनाच्या चौकटीत का होईना, या पद्धतीला जागा दिली. त्या गोलाची आणि जामखेडच्या पंगतीची ओळख पटवून द्यायला फार विद्वत्ता लागत नाही.

२२/
आणि आज नगर जिल्ह्यात? दोन टोके आहेत. अकोले तालुक्याच्या आदिवासी गावांत २०१५ पासूनच्या अमृत आहार योजनेखाली गरोदर स्त्रिया अंगणवाडीत शिजवलेले एकवेळचे चौरस जेवण जेवतात. भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडे किंवा केळे, आणि ताटात शेंगदाण्याचा लाडू. योजना अनुसूचित क्षेत्रापुरती आहे. जामखेड त्या क्षेत्रात येत नाही; तिथली गरोदर बाई आपला आहार पिशवीतून घरी नेते.