आत्मटीकेतील ‘आम्ही’ : ओटो विले कूसिनेन

राजकीय आत्मटीका हा वाङ्मयप्रकार मानावा की पक्षशिस्तीचा विधी, हा प्रश्न कूसिनेन (१८८१–१९६४) यांच्या लेखनासमोर विशेष तीव्रतेने उभा राहतो. हेलसिंकी विद्यापीठात तत्त्वज्ञान व सौंदर्यशास्त्राचे अध्ययन केलेले हे सोशल डेमोक्रॅट नेते १९०८ पासून फिनलंडच्या संसदेत होते, वळण काउट्स्कीचे. १९१८ च्या यादवीत तांबड्या सरकारचे शिक्षणखाते त्यांच्याकडे होते. पराभवानंतर ते रशियात गेले आणि त्याच वर्षी त्यांनी फिनलंडच्या क्रांतीवर पुस्तिका लिहिली. ‘आत्मटीका’ हा शब्द तिच्या शीर्षकातच आहे.

नोव्हेंबर १९१७ च्या सार्वत्रिक संपात सत्ता हाताशी असता आम्ही कचरलो. लोकशाहीची कमाई गमावण्याच्या भीतीने क्रांती टाळू पाहिली आणि ती टळलीही नाही, असे तिचे प्रतिपादन. येथे आरोप करणारा व आरोपी एकच आहे, हे तिचे बळ. मात्र दोष मोजण्याचे माप बोल्शेविकांकडून उसने घेतलेले आहे. निर्वासिताला यजमानाच्या भाषेतच आपला पराभव वाचावा लागतो.

पुढे कॉमिंटर्नच्या कारभारात हा ‘आम्ही’ मागे पडला. १९२८ च्या सहाव्या अधिवेशनात वसाहतींवरील अहवाल मांडताना कूसिनेन यांनी, ब्रिटिश राजवट भारताचे औद्योगिकीकरण करून स्वतःची पकड सैल करीत आहे, हा ‘निर्वसाहतीकरणा’चा सिद्धांत धिक्कारला. रोख होता मानवेंद्रनाथ रॉय यांच्यावर. १९२९ मध्ये ते बहिष्कृत झाले. (तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यामुळे रॉय मराठी विचारविश्वात घरचे झाले, त्यांचा हा फिनिश प्रतिपक्षी मात्र अपरिचितच राहिला.) आता टीका केवळ दुसऱ्याची होती.

१९३८ मध्ये पत्नी आइनो यांना अटक झाली. कूसिनेन पदावर राहिले. १ डिसेंबर १९३९ रोजी, सोव्हिएत फौजा फिनलंडमध्ये शिरल्यावर, तेरियोकी येथे स्थापलेल्या ‘जनता सरकार’चे ते प्रमुख झाले. फिनिश कामगार त्याच्यामागे उठले नाहीत. मार्च १९४० च्या तहाबरोबर ते सरकार विरले. हे अपयश १९१७ च्या कचरण्याहून लहान नव्हते. परंतु त्यावर १९१८ च्या तोडीची पुस्तिका आली नाही.

१९४० ते १९५६ ते कारेलो-फिनिश प्रजासत्ताकाचे अध्यक्ष होते. १९४९ मध्ये, ‘कालेवाला’च्या विस्तारित आवृत्तीच्या शताब्दीनिमित्त, त्यांनी त्या महाकाव्याचे श्रेय लोकगायकांच्या सामूहिक सर्जनाला दिले. ल्योनरोटने त्यातील गीतांचा मोठा वाटा सीमेपलीकडील कारेलियातच, म्हणजे कूसिनेन यांच्या निर्वासनाच्या भूमीत, गोळा केला होता. तेथे ते पुन्हा सौंदर्यशास्त्राचे विद्यार्थी झालेले दिसतात, आणि सामूहिक कर्त्याविषयी मोकळेपणाने बोलतात. फक्त त्या समूहात ते स्वतः नाहीत.