दहावीची भूमिती आणि फोनमधलं अंतर: वाशिम ते कारंजा

दहावीच्या 'गणित भाग २' मध्ये पाचवं प्रकरण निर्देशक भूमिती आणि सहावं त्रिकोणमिती. बरेच विद्यार्थी पाचव्यातलं अंतराचं सूत्र पाठ करतात, सहाव्यातला किमतींचा तक्ता पाठ करतात आणि पेपर झाला की दोन्ही विसरतात. पण फोन दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर काढतो तेव्हा त्याला ही दोन्ही प्रकरणं एकत्र लागतात. कशी ते आपल्याच जिल्ह्यातल्या उदाहरणावरून पाहू.

पायरी १: निर्देशक
वाशिम साधारण २०.१० उत्तर अक्षांश, ७७.१५ पूर्व रेखांशावर आहे. कारंजा (लाड) साधारण २०.४८, ७७.४९ वर. म्हणजे अक्षांशातला फरक ०.३८ अंश आणि रेखांशातला ०.३४ अंश.

पायरी २: अंशांचे किलोमीटर
अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किमी. त्यामुळे उत्तरेकडे ०.३८ × १११ = ४२ किमी.

रेखांशाचं तसं नाही. रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे जवळ जवळ येत जातात. म्हणून तिथे १११ ला अक्षांशाच्या कोसाइनने गुणावं लागतं. आपल्याकडे कोसाइन २०.३ अंश म्हणजे सुमारे ०.९४, त्यामुळे एक अंश १०४ किमीचा. पूर्वेकडे ०.३४ × १०४ = ३५ किमी.

पायरी ३: अंतराचं सूत्र
४२ चा वर्ग अधिक ३५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ: सुमारे ५५ किमी. हे हवाई अंतर झालं. रस्ता वळणं घेतो, म्हणून गाडीचं अंतर जास्त भरतं.

कोसाइन विसरलो तर?
उत्तर ५७ किमी येईल. चूक छोटी वाटते, पण ओस्लो शहर जवळपास ६० अंश अक्षांशावर आहे. तक्ता आठवा: कोसाइन ६० म्हणजे १/२. तिथे रेखांशाचा एक अंश निम्माच, साधारण ५५ किमी. कोसाइन न लावणारा प्रोग्राम तिथे पूर्व-पश्चिम अंतर दुप्पट दाखवेल.

मर्यादा
ही रीत जिल्ह्याएवढ्या अंतराला पुरते, कारण तेवढी जमीन सपाट धरली तरी चालते. वाशिम ते दिल्लीसारख्या लांबच्या अंतराला पृथ्वीचा गोलावा धरावा लागतो. त्यासाठी प्रोग्राममध्ये हॅवरसाइन सूत्र वापरतात. त्यातही साइन आणि कोसाइनच असतात.

आता तुमचं गाव आणि तालुक्याचं ठिकाण घ्या, नकाशात बोट दाबून धरून दोन्हींचे निर्देशक मिळवा आणि वहीत अंतर काढा. मग नकाशाच्या अंतर मोजण्याच्या सोयीने ताडून पाहा.