अमेरिकेचा किंवा जपानचा अ‍ॅम्प्लिफायर शहापूर-मुरबाडच्या लाइटवर कसा चालवायचा? स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेण्याआधी हे वाचा

सुट्टीला गावी आलेल्या मामाने न्यू जर्सीहून स्वतःचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आणून दिला. वायरच्या टोकाला दोन चपट्या पात्यांची पिन, आपल्या बोर्डात ती बसत नाही. मग कोणीतरी नाक्यावरच्या दुकानातून कन्व्हर्टर पिन आणतं. पिन बसते, बटण दाबलं जातं, आणि पहिलं गाणं लागायच्या आतच करपल्याचा वास येतो.

ती पिन फक्त आकार बदलते, व्होल्टेज नाही. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ येतात. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. जपानमध्ये तर फक्त १०० व्होल्ट. म्हणजे त्या अ‍ॅम्प्लिफायरला जवळजवळ दुप्पट दाब मिळाला. यावर उपाय म्हणजे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. पण दुकानात जाऊन 'एक ११० चा द्या' म्हणून चालत नाही.

आधी अ‍ॅम्प्लिफायर उलटा करून मागची पाटी वाचा. 'इनपुट १००-२४०' असं लिहिलेलं असेल तर ट्रान्सफॉर्मरची गरजच नाही, त्या वेळी ती साधी पिन पुरते. बाहेरून अ‍ॅडॅप्टर लागणारे बरेचसे नवे छोटे स्पीकर आणि कीबोर्ड या प्रकारात मोडतात. काही जुन्या मशीनच्या मागे स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचा व्होल्टेज सिलेक्टर असतो. तो २२० किंवा २४० वर नेला की काम झालं. पाटीवर नुसतं १२० किंवा १०० असेल तरच पुढचं वाचा.

किती मोठा घ्यायचा? पाटीवर वॅट किंवा अँपिअर दिलेले असतात. १२० व्होल्ट, ४ अँपिअर असेल तर गुणाकार ४८०. हे झाले व्हीए, आणि ट्रान्सफॉर्मर याच मापात विकला जातो. नेमका ५०० चा घेऊ नका. बटण दाबताच आतले मोठे कपॅसिटर भरताना क्षणभर खूप करंट ओढतात, आणि ढोलाच्या ठेक्यालाही मागणी उसळते. दीडपट ते दुप्पट धरा, म्हणजे इथे ७५० किंवा १००० व्हीए. एक सावधगिरी मात्र हवी. स्पीकरवर लिहिलेले 'हजार वॅट' हिशेबात धरायचे नसतात. ते जाहिरातीचे वॅट, बोर्डातून ओढले जाणारे वेगळे.

आता आपल्या भागाची खरी गोष्ट. तालुक्याच्या गावात, बाजारपेठेजवळ, लाइट बऱ्यापैकी स्थिर मिळते. पण वाड्या-पाड्यांवर डीपीपासून घरापर्यंतची लाइन लांब असते. संध्याकाळी सगळ्यांचे पंप आणि दिवे चालू असताना टोकाच्या घरात व्होल्टेज खाली बसतं, आणि रात्री सगळं बंद झालं की वर चढतं. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत घरगुती पुरवठ्यासाठी सहा टक्क्यांची मुभा होती, म्हणजे २३० ला साधारण २१६ ते २४४. तुमच्या घरात काय येतं ते वायरमनकडून मीटर लावून तीन वेळा बघून घ्या: दुपारी, संध्याकाळी सातला आणि रात्री अकरानंतर. अंदाजावर जाऊ नका.

हे आकडे महत्त्वाचे, कारण साधा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज सांभाळत नाही, फक्त त्याच प्रमाणात कमी करतो. बाजारात सर्रास मिळतो तो २२० चे ११० करणारा, म्हणजे सरळ निम्मे. २३० आले की तो ११५ देतो, रात्री २५० झाले की १२५.

जपानी मशीनला हे महागात पडतं. १०० व्होल्टच्या अ‍ॅम्प्लिफायरला ११५ म्हणजे पंधरा टक्के जास्त, आणि १२५ म्हणजे पंचवीस टक्के. तो लगेच जळणार नाही, पण तापेल आणि आतले कपॅसिटर हळूहळू मरतील. जपानी मशीनसाठी '२३० चे १००' असं स्पष्ट सांगून ट्रान्सफॉर्मर भरून घ्यावा लागतो. तसा तयार मिळाला नाही तर लॅमिंग्टन रोड, उल्हासनगर किंवा कल्याणच्या वाइंडिंगवाल्यांकडे विचारा. गावात पंपाच्या मोटारी भरणाऱ्याकडेही लोक हे काम देतात. त्यांचा हात चांगला असतो, पण मोटर आणि ऑडिओचा ट्रान्सफॉर्मर ही दोन वेगळी कामं आहेत. कोअर थोडी मोठी आणि वायर तांब्याचीच हवी, हे आधी ठरवून घ्या.

अमेरिकन मशीनची भानगड वेगळी, तिथे हर्ट्झ आडवे येतात. कुठलाही ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झचे ६० करत नाही. मशीनच्या पाटीवर फक्त '६० हर्ट्झ' असेल तर त्याच्या आतला पॉवर ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० वर जास्त चुंबकीय भार सोसतो. १२० व्होल्टला ५० हर्ट्झवर तितकाच ताण पडतो, जितका अमेरिकेत १४४ व्होल्टला पडला असता. म्हणून अशा मशीनला पूर्ण १२० देण्यापेक्षा ११० किंवा त्याहून थोडं कमी देणं शहाणपणाचं. ११० वर कमाल ताकद साधारण सोळा टक्क्यांनी कमी होते, पण एवढा फरक कानाला क्वचितच जाणवतो. थंड राहणारा अ‍ॅम्प्लिफायर त्यापेक्षा जास्त मोलाचा. जपानचा पूर्व भाग ५० वर आणि पश्चिम भाग ६० वर चालतो, त्यामुळे तिकडच्या बहुतेक मशीनवर '५०/६०' छापलेलं असतं आणि हा प्रश्न येत नाही.

रेकॉर्ड प्लेअर किंवा स्पूलचा टेपरेकॉर्डर असेल तर हर्ट्झचा परिणाम थेट कानावर येतो. ज्यांची मोटर लाइनच्या हर्ट्झवर फिरते, ते ६० साठी बनवलेले प्लेअर इथे सहाव्या हिश्शाने मंद चालतात. ३३ १/३ च्या जागी तबकडी मिनिटाला २७.८ फेरेच मारते. काळी चारमध्ये गायलेलं गाणं पांढरी चारच्याही किंचित खाली ऐकू येतं, आणि गायिकेचा आवाज गायकासारखा वाटायला लागतो. यावर ५० हर्ट्झची पुली बसवणं हाच इलाज. क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्ह प्लेअरला मात्र हा त्रास नाही.

दुकानदार दोन प्रकार दाखवेल. ऑटो ट्रान्सफॉर्मरमध्ये एकच वाइंडिंग असतं आणि मधून तार काढलेली असते. तो निम्म्या वजनाचा असतो आणि स्वस्त पडतो. पण २३० ची लाइन आणि अ‍ॅम्प्लिफायर यांत तारेचा थेट संबंध राहतो. फेज-न्यूट्रल उलटे असतील तर बाहेर येणाऱ्या दोन्ही तारा जिवंत असतात. वाइंडिंगचा सामाईक भाग आतून तुटला तर अ‍ॅम्प्लिफायरवर २३० च्या जवळपास दाब जाऊ शकतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन वाइंडिंग वेगळे असतात, त्यामुळे हा धोका खूपच कमी. हजार व्हीएचा उचलायला जड जातो आणि खिशालाही. तरी जुन्या, लोखंडी पत्र्याच्या मशीनला, त्यातही दोन पिनांच्या, मी हाच घ्यायला सांगेन. परदेश प्रवासात इस्त्री आणि हेअर ड्रायरसाठी विकले जाणारे हलके 'व्होल्टेज कन्व्हर्टर' ऑडिओला लावूच नका. त्यांच्यातून शुद्ध लहर येत नाही.

व्होल्टेज फार हलत असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या आधी स्टॅबिलायझर लावा, निदान तेवढ्याच व्हीएचा. सर्व्हो प्रकारचा परवडला तर उत्तम. रिलेवाला टप्प्याटप्प्याने बदलतो आणि प्रत्येक टप्प्याला स्पीकरमधून 'टक' ऐकू येतं. त्याला जास्त व्होल्टेज आल्यावर लाइन तोडणारी सोय हवीच. पावसाळ्यात झाड पडून डीपीकडचा न्यूट्रल तुटला तर एखाद्या घरात २३० ऐवजी ४०० च्या आसपास दाब जाऊ शकतो, आणि त्याचं निम्मंही २०० होतं. इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह आहे का बघा. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो.

अर्थिंग मात्र कोणी बघत नाही. घरामागचा अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मे मध्ये कोरडा ठाक पडतो. ट्रान्सफॉर्मरची पेटी चांगल्या अर्थिंगला जोडलेली हवी, नाहीतर पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येतात आणि स्पीकरमधून घूं आवाज येत राहतो. ट्रान्सफॉर्मर स्वतः घुमत असेल तर तो अ‍ॅम्प्लिफायरपासून तीन-चार फूट लांब ठेवा, टेप किंवा रेकॉर्ड प्लेअरपासून अजून लांब. गोल, टोरॉइडल प्रकार कमी घुमतो, पण चालू करताना जोराचा झटका घेतो आणि कधी कधी एमसीबी पाडतो.

घरी आणल्यावर लगेच अ‍ॅम्प्लिफायर जोडू नका. आधी आउटपुटला साधा २३० व्होल्टचा ६० वॅटचा पिवळा बल्ब लावा. तो मंद, तांबूस पेटला तर ठीक. लख्ख पेटला तर जोडणी उलटी आहे किंवा वाइंडिंग चुकलंय, ट्रान्सफॉर्मर परत न्या. मग मीटरने व्होल्ट मोजा, एक तास रिकामा चालू ठेवा आणि हात लावून बघा: कोमट चालेल, चटका नको. पहिल्या बाजूला फ्यूज असावा, हजार व्हीएला ५ अँपिअरचा, हळू उडणारा. आणि अ‍ॅम्प्लिफायरची चपटी पिन कापून तिथे आपली पिन लावू नका. ट्रान्सफॉर्मरवरच अमेरिकन सॉकेट बसवून घ्या, म्हणजे झाडू मारताना वायर काढणाऱ्या माणसाला ती चुकूनही भिंतीतल्या बोर्डात घालता येणार नाही.