प्रीमियम कोणी भरायचा? १९४६ मधलं एक उत्तर

मागच्या आठवड्यात बाबांच्या मेडिक्लेमचं रिन्यूअल आलं. बाबांना आता बासष्टावं लागलंय आणि प्रीमियम थेट दीडपट. बाबा म्हणाले, "राहू दे रे, मला काय धाड भरलीय?" मी गणित मांडायला बसलो आणि सवयीप्रमाणे इतिहासात घुसलो.

तर, स्वातंत्र्याच्या जरा आधी या प्रश्नावर आपल्याकडे दोन रिपोर्ट आले. पहिला प्रा. बी. पी. आडारकरांचा, १९४४ चा. कारखान्यातल्या कामगारांसाठी आरोग्य विमा. त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. काही पैसे कामगाराचे, जास्त मालकाचे.

दुसरा भोर समितीचा, १९४६ चा. (भोर म्हणजे गाव नव्हे, माणूस. सर जोसेफ भोर, जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्यात डेक्कन कॉलेजला, मग आयसीएस.) या समितीने विम्याचा पर्याय तपासला आणि बाजूला ठेवला. कारण साधं होतं: ज्या देशात बहुतेकांना दोन वेळचं धड मिळत नाही, तिथे छोटासा हप्ता तरी कोण भरणार? मग उपचार सगळ्यांना मोफत, खर्च करातून. डॉक्टर पगारी, त्यांना खासगी प्रॅक्टिस बंद. आणि दहा ते वीस हजार लोकवस्तीमागे ७५ खाटांचं हॉस्पिटल! आज आपल्या पीएचसीत साधारण सहा खाटा असतात.

एवढा पैसा आणणार कुठून, हा आक्षेप तेव्हाही होता. पगारी डॉक्टर खेड्यात टिकेल का, हाही प्रश्न खराच आहे. पण हप्त्याबद्दल भोर समितीचं बरोबर होतं, असं मला वाटतं. मेडिक्लेमचा प्रीमियम वयाबरोबर चढतो. म्हणजे पगार थांबतो, तेव्हाच बिल सगळ्यात मोठं. इंजिनिअर म्हणून सांगतो, हा बग नाहीये. सिस्टीम तशीच डिझाइन केलेली आहे.

ईएसआयमध्ये हप्ता वयावर नाही, पगारावर ठरतो: कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. बाबांसारख्या माणसाला ऐकायला किती बरं वाटेल! पण त्यासाठी नोकरी हवी, आणि पगार २१ हजारांच्या आत हवा. ही मर्यादा २०१७ पासून तीच आहे.

आमच्या ऑफिसच्या गेटवर एक सिक्युरिटीवाले काका आहेत. बायकोच्या डायलिसिसचा खर्च ईएसआयमधून चालतो. नव्या वर्षी पगारवाढ मिळाली आणि आकडा २१ हजारांच्या वर गेला. कार्ड आता काही काळच चालेल. परवा लिफ्टपाशी थांबवून विचारत होते, "सर, तुम्ही कॉम्प्युटरवाले, पगारवाढ परत करायचा काही फॉर्म असतो का?"