कॅम्पातली दुरुस्ती आणि मोबाइलचा विमा

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावण्यांत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसवण्यात आले आणि 1949 साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले, तरी पत्ता आजही ‘कॅम्प 3’, ‘कॅम्प 4’ असाच सांगितला जातो. भांडवल गमावून आलेल्या या समाजाने जे धंदे उभे केले त्यांत महागड्या वस्तूची स्वस्त नक्कल करण्याचे कसब विशेष गाजले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद त्याचीच पावती होय.

मुंबईत 1995 साली मोबाइल सेवा सुरू झाली तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. 2003 मध्ये इनकमिंग मोफत झाल्यावर हे यंत्र अंबरनाथ-बदलापूरच्या चाकरमान्यांच्याही आवाक्यात आले. सर्वसाधारण विमा 1973 पासून सरकारी कंपन्यांच्याच हाती होता आणि 1999 च्या कायद्यानंतर खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली, त्यामुळे पुढे फोनसोबत विमाही विकला जाऊ लागला. मात्र या पट्ट्यात त्याला कॅम्पातल्या मोबाइल-दुरुस्तीच्या गाळ्याशी स्पर्धा करावी लागली. स्क्रीन फुटली की कारागीर डिस्प्ले आणि टच एकत्र असलेला ‘कॉम्बो’ बदलून देतो, ‘ओरिजिनल’ की ‘कॉपी’ एवढेच विचारतो आणि ग्राहक खिसा पाहून उत्तर देतो. मध्यम किमतीच्या फोनसाठी, केवळ फुटतुटीच्या भीतीने, हप्ता भरणे येथे क्वचितच परवडते.

चोरीचा हिशेब निराळा आहे. लोकलच्या दारात उभ्या प्रवाशाच्या हातावर रुळांलगतच्या खांबाआडून काठी मारून फोन पाडणाऱ्यांना ‘फटका गँग’ म्हणतात. अशा बळजबरीच्या चोरीत गुन्हा नोंदवल्याची प्रत जोडली तर दावा उभा राहू शकतो, परंतु गर्दीत फोन नकळत नाहीसा झाला तर अनेक पॉलिसी त्याला हरवणे समजून हात वर करतात. म्हणजे गर्दीच्या प्रवाशाला ज्याची खरी धास्ती, नेमके तेच बहुधा वगळलेले असते.

पुराच्या बाबतीत मात्र विम्याची बाजू बळकट ठरते. 26 जुलै 2005 रोजी उल्हास नदीने बदलापूरला वेढले आणि जुलै 2019 मध्ये बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. फोनच्या बोर्डात असे पाणी शिरले की गंज चढतो आणि निष्णात कारागीरही हमी देत नाही. तरीही पॉलिसी घेताना दोन आकडे पाहावे लागतात: प्रत्येक दाव्यात ग्राहकाने स्वतः सोसायची ठरावीक रक्कम आणि घसारा, म्हणजे फोन जुना होईल तशी भरपाईतून होणारी कपात.