बेथेलची वाट आणि आपली भावकी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आम्हांस आपल्या मातंग समाजाच्या इतिहासावर चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. प्राथमिक शाळेत पाढे आणि बाराखडी शिकविण्यात आयुष्य गेले. इतिहासाची पदवी आमच्यापाशी नाही. तरीपण जो विषय सभेत निघाला की सर्वजण खाली पाहू लागतात, तोच आज लिहावयास घ्यावा असे मनात आले. आपल्यांतील जी कुटुंबे ख्रिस्ती झाली, ती का झाली, आणि झाल्यावर त्यांचे काय झाले, हा तो विषय होय.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत असे गाव विरळाच, की जेथील आपल्या वस्तीत एखादे तरी घर रविवारी प्रार्थनेस जाणारे नसेल, किंवा पूर्वी जात नसेल. सोयरीक जुळविताना ही गोष्ट हळूच कानात सांगितली जाते. ती उघड्यावर लिहिल्याने कोणाचे मन दुखावल्यास आम्ही आधीच क्षमा मागतो.

आरंभ जालन्यापासून करावा लागतो. परंतु जालन्याच्याही आधी मुंबईस गेले पाहिजे. इ. स. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री नावाचा एक ब्राह्मण तरुण, डॉ. जॉन विल्सन यांच्या स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात शिकत असता, ख्रिस्ती झाला. त्याचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला. बापाने न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलगा बापाच्या हवाली केला. येथवर सरळ होते. पुढे प्रश्न असा उभा राहिला की, ज्या मुलाने मिशनऱ्यांच्या घरी अन्नोदक घेतले, त्यास जातीत परत घ्यावे की न घ्यावे? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन घ्यावे. सनातनी मंडळी म्हणाली, घेऊ नये. एका लेकरासाठी मुंबईचा ब्राह्मण समाज दुभंगला आणि बाळशास्त्र्यांसारख्या विद्वानास जातिबंधूंचा रोष पत्करावा लागला. जातीबाहेर पडण्याचे दार एका बाजूने उघडते आणि दुसऱ्या बाजूने उघडत नाही, ही गोष्ट त्या प्रकरणाने लेखी झाली. वाचकांनी हे प्रकरण ध्यानात ठेवावे. त्याचे पुढे काम आहे.

श्रीपत परत गेला. नारायणराव मात्र गेले नाहीत. १८५४ साली त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली आणि पुढील दशकात ते निजामाच्या मुलखात जालन्यास आले. जालना म्हणजे त्या काळी इंग्रजी फौजेची छावणी. छावणीच्या आसऱ्याने मिशन उभे राहिले. परंतु नारायणरावांचे खरे काम छावणीत झाले नाही. ते भोवतालच्या खेड्यांत, आपल्या मांगवाड्यांत झाले. ज्याच्या पूर्वजांनी आपल्या सावलीचाही विटाळ मानला, तो मनुष्य आपल्या ओट्यावर येऊन बसला. आमच्या मते बायबलातील कोणत्याही वचनापेक्षा या बसण्याचा परिणाम आधी झाला असला पाहिजे. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्या सरकारकडून जालन्याजवळ त्यांस जमीन मिळाली आणि तीवर त्यांनी ‘बेथेल’ नावाचे गाव वसविले. बेथेल म्हणजे ‘देवाचे घर’. मुसलमान राज्याचा दिवाण, ब्राह्मण कुळातील पाद्री, स्कॉटलंडचे मिशन आणि राहावयास आलेले बहुतांशी आपले लोक. असे हे गाव. पुढे १८७३ साली नारायणराव न्यूयॉर्क येथील ख्रिस्ती परिषदेस गेले व तेथे त्यांनी भाषण केले. १८९१ मध्ये ते वारले.

आपल्या माणसास बेथेलात काय मिळाले हे नीट समजावयाचे असेल, तर गावात त्यास काय होते हे आधी पाहावे. अंबाडी भिजवावी, सोलावी, दोर वळावेत, केरसुण्या बांधाव्यात, लग्नात व जत्रेत हलगी वाजवावी, आणि सुगीस खळ्याच्या कडेला उभे राहून बलुते मागावे. बैलाच्या गळ्यातील कासरा आपल्या हातचा चाले, परंतु त्याच हाताने विहिरीत पोहरा टाकलेला चालत नसे. मरीआईचा कोप झाला की आपल्यांतील एखाद्याने जटा वाढवून पोतराज व्हावे आणि अंगावर आसूड ओढीत दारोदार फिरावे. बेथेलात नांगरण्यास जमीन, पाण्यास विहीर आणि लेकरांस शाळा होती.

यावरून कोणी म्हणेल, मग झाले तर! पोटासाठी धर्म बदलला. हा आक्षेप आम्ही चाळीस वर्षे ऐकत आलो. त्यात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणत नाही. १८७६–७८ चा आणि १८९९–१९०० चा अशा मोठ्या दुष्काळांत मिशनांनी अन्न दिले, अनाथ मुले सांभाळली, आणि त्या सुमारास पुष्कळ बाप्तिस्मे झाले. भुकेल्या माणसाने अन्न देणाऱ्याच्या देवाविषयी विचारपूस केली, तर त्यात आम्हांस तरी लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही. परंतु दुष्काळ सरला, पाऊस पडला, आणि तरीही पुष्कळ घरे परतली नाहीत. त्यांचे काय? नुसत्या ज्वारीसाठी आलेला मनुष्य ज्वारी संपल्यावर निघून जातो.

भाकरीहून निराळी एक भूक आपल्या समाजास होती, याचा लेखी पुरावाच आहे. पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही आपली लेक. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. हे पत्र अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरास सुरू केलेले. त्या निबंधात या मुलीने देवालाच प्रश्न घातला आहे: वेद जर आमचे नव्हेत, तर आमचा धर्म तरी कोणता? एवढ्याशा पोरीने विचारलेल्या या प्रश्नाचे उत्तर त्या वेळच्या कोणा शास्त्र्याने दिले नाही. ज्यांच्याकडे काही एक उत्तर होते, त्यांच्या दाराशी आपली काही माणसे गेली. उत्तर बरोबर की चूक, हा वाद आम्ही येथे घालणार नाही. आम्ही स्वतः खंडोबाचे आणि पंढरीच्या विठोबाचे.

एकदा पाणी डोक्यावर घेतले म्हणजे मनुष्य ख्रिस्ती होऊन संपतो, असेही नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईस झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा घर सोडून दूर राहिल्या. पुढे पतीजवळ परत आल्या तरी सोवळेओवळे सुटेना; परजातीच्या हातचे पाणी घशाखाली उतरेना. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हे मनास पटावयास त्यांना वर्षे लागली, आणि १९०० साली त्यांनी स्वतः दीक्षा घेतली. ‘स्मृतिचित्रे’त हे सारे त्यांनी हसतखेळत लिहून ठेविले आहे. इकडे टिळकांची श्रद्धा वाढत गेली ती अभंग आणि कीर्तनाच्या वाटेने. ख्रिस्ती होऊनही तुकोबांचे बोट त्यांनी सोडले नाही, म्हणूनच खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती मंडळी टाळ-मृदंगावर त्यांची भजने म्हणू लागली. आपल्या माणसांची स्मृतिचित्रे मात्र कोणी लिहिली नाहीत. ज्यांनी जटा कापल्या, मरीआईचा गाडा ओढावयाचे नाकारले, आणि त्यापायी गावचे बलुते बंद झालेले सोसले, त्यांचे नाव चर्चच्या वहीत एका ओळीपुरते उरले.

आता घरची गोष्ट सांगतो. आमच्या वडिलांचे एक चुलतभाऊ होते. आम्ही त्यांस तात्या म्हणत असू. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादपासून वेगळा झाला, त्याच भागातले आमचे खेडे. तात्यांच्या घरी ख्रिस्ती धर्म त्यांच्या आईकडून आला. तात्या हलगी उत्तम वाजवीत. परंतु देवीच्या जत्रेत वाजविणे त्यांनी सोडले होते, आणि तेवढ्यावरून गावाशी व भावकीशी त्यांचा अबोला पडे. नाताळात मात्र त्यांच्या घरून करंज्यांचे ताट येई आणि आमची आई ते घेई. दिवाळीस आमचे ताट त्यांच्याकडे जाई, तेही ते घेत. मात्र ताटातला प्रसादाचा पेढा हलकेच बाजूस ठेवीत.

आम्ही नोकरीस लागल्यावर एका जूनमध्ये तात्या आपल्या धाकट्या मुलास पहिलीत घालण्यास आमच्याच शाळेत घेऊन आले. आम्ही दाखलखारीज वही उघडली. नाव लिहिले, जन्मतारीख लिहिली आणि धर्म व जात या रकान्यांपाशी लेखणी थांबली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदूंखेरीज अन्य धर्माचा मनुष्य अनुसूचित जातीत धरला जात नाही. त्यात १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध समाविष्ट झाले. ख्रिस्ती झाले नाहीत. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते, आणि त्या सवलती आणि या सवलती यांतील अंतर आपणांस सांगावयास नको. आम्ही तात्यांस एका बाजूस नेले आणि म्हटले, “तात्या, हिंदू मातंग असं लिहू का? पुढं पोराच्या शिष्यवृत्तीला बरं पडंल. कितीकजण तसंच लिवत्यात.”

तात्या काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “लेका, सकाळी देवाम्होरं एक म्हनायचं आन् शाळंत दुसरं लिवायचं, हे मला जमायचं न्हाई. तू लिही, ख्रिस्ती.”

आम्ही ख्रिस्ती असे लिहिले. मुलगा हुशार होता. पुढे तालुक्याच्या वसतिगृहात जागेचा प्रश्न आला तेव्हा त्या एका शब्दावर गाडी अडली. दहावी होऊन तो हैदराबादेस बांधकामावर गेला. त्याच्याच बरोबरीची, कागदावर हिंदू आणि रविवारी चर्चमध्ये जाणारी दोन मुले आज सरकारी नोकरीत आहेत. त्यांस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही, कारण त्यांची नावेही आम्हीच लिहिली. पालक सांगेल ते लिहावे असा नियम होता आणि आम्ही नियमाने वागलो. पोटासाठी धर्म धरला असे ज्यांच्याविषयी म्हणतात, त्यांपैकी एकाने पोराच्या तोंडचा घास जात असताना धर्म धरून ठेविला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. आणि दुसरा उपाय त्यांस सुचविणारे आम्ही होतो, हेही येथे लिहून ठेवितो.

हे सारे आज लिहिण्यास कारण घडले आहे. समाजाची नवी कुटुंबसूची तयार होत असून, तीतून ख्रिस्ती कुटुंबांची नावे वगळावीत अशी सूचना मागील बैठकीत आली. सूचना करणारे आमचे मित्र आहेत. त्यांच्या मनात द्वेष नाही, सवलतींच्या बाबतीत गोंधळ होऊ नये एवढीच त्यांची काळजी आहे. परंतु सूची म्हणजे जातीचा दाखला नव्हे. दाखला सरकार देते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या अरुमुगम खटल्यात आणि पुन्हा २०१५ च्या मनू खटल्यात असे म्हटले आहे की, जो मूळ धर्मात परत येतो त्यास जात परत मिळण्यास समाजाने त्यास आपला मानलेले असावे लागते. म्हणजे मुंबईच्या श्रीपतचा प्रश्न पावणेदोनशे वर्षांनी फिरून आपल्याच ओट्यावर आला आहे. आज नाव खोडले आणि उद्या तात्यांचा एखादा नातू परत येतो म्हणाला, तर आपण कोणत्या तोंडाने त्यास आपला म्हणणार? आणि कोणीच परत न आले तरीही, लेकीबाळी दिल्या-घेतल्या, मयतीस खांदा दिला-घेतला, ते नाते वहीतून खोडण्याचा ठराव करण्याइतका अधिकार कोणत्या बैठकीस आहे?

तात्या वारले तेव्हा कबर खणण्यास भावकीतलेच हात होते. पेटी खाली सोडावयास दोर हवा होता. बाजारातला नायलॉनचा दोर कोणीतरी आणला, तो आमच्या थोरल्या बंधूंनी बाजूस टाकला आणि घरी जाऊन आढ्याला टांगलेला, तात्यांच्याच हातचा अंबाडीचा दोर काढून आणला. पाळकांची प्रार्थना चालू होती तोवर तो त्यांच्या खांद्यावर होता. सूचीत तात्यांचे घर आमच्या घराखालच्या ओळीत आहे. ती ओळ तशीच राहावी, अशी मंडळास आमची विनंती आहे.