मालवण किनाऱ्याच्या जुन्या नकाशांतील स्थानभेद व त्याचें निदान

जुना नकाशा संगणकावर चढवून तो आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पाहण्याची पद्धत आतां आपल्या संशोधकांतहि रूढ झाली आहे. या कामीं योजिल्या जाणाऱ्या 'जीआयएस' प्रणालींत दोन्ही चित्रें एकमेकांवर बसत नाहींत, असा अनुभव वारंवार येतो. अशा वेळीं जुना मोजणीदार चुकला, अथवा किनाराच सरकला, असें अनुमान करण्याची घाई होते. वस्तुतः स्थानभेदाचें अंतर व दिशा मोजल्यास त्याचें कारण बहुधा हातीं लागतें, आणि तें कारण त्या नकाशाच्या कुळकथेचाच पुरावा असतो. हें मालवणच्या उदाहरणानें येथें दाखवावयाचें आहे.

मालवण घेण्याचें कारण उघड आहे. कुरटे बेटावरील सिंधुदुर्गाचें काम २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं सुरू झालें. खडकावरचा तो तट कोठेंहि हललेला नाहीं. तेव्हां पडताळ्यास याहून चांगली खूण मिळणें कठीण. १८१२ सालीं हा प्रदेश करवीरकरांकडून इंग्रजांकडे गेला व १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत होता; म्हणून संग्राहकांनीं त्याचे जुने नकाशे रत्नागिरीच्या नांवाखालींहि शोधावे.

(१) पहिला भेद मद्रासच्या रेखांशाचा. लॅम्बटननें १८०२ त आरंभिलेल्या त्रिकोणमितीय मोजणींत मद्रास वेधशाळेचा रेखांश पुढें ८०° १७' २१" असा धरण्यांत आला. तारायंत्राच्या साहाय्यानें कराची व ग्रीनिच यांमधील रेखांशांतर १८९४-९६ त ठरविलें गेलें, तेव्हां जुने रेखांश सुमारें २' २७" नीं अधिक असल्याचें निश्चित झालें. १९०५ नंतरच्या नव्या पत्रकांत ही दुरुस्ती झाली. पूर्वीच्या पुष्कळ पत्रकांच्या समासांत तशी टीप आढळते. मालवणच्या अक्षांशावर हें अंतर सुमारें ४.४ किलोमीटर भरतें. म्हणजे समासांतील आंकडे जसेच्या तसे घेतल्यास सिंधुदुर्ग समुद्र सोडून जमिनीवर चढतो व कुंभारमाठाच्या बाजूस जाऊन बसतो!

किल्ल्याची चूक निदान डोळ्यांस दिसते. कट्ट्यासारख्या किनाऱ्यापासून आंत असलेल्या गांवाची दिसत नाहीं. तेथें चार किलोमीटरांचा सरक म्हणजे शेजारच्या गांवाचें शिवार. आणि एखाद्या सनदेंतील चतुःसीमा अशा नकाशावरून लाविली, तर इनाम एका गांवचें व पुरावा दुसऱ्या गांवचा, असा प्रकार होऊन तो छापलाहि जाईल.

(२) दुसरा भेद मूलाधाराचा. पृथ्वीचा आकार कसा मानला व मोजणी कोणत्या ठिकाणाहून बांधली, यांस मिळून येथें मूलाधार म्हटलें आहे. हिंदुस्थानच्या मोजणीनें एव्हरेस्टचें १८३० चें गणित व सिरोंजजवळील कल्याणपूर हें मूळस्थान स्वीकारलें. आजचीं उपग्रहयंत्रें 'डब्ल्यूजीएस ८४' मानतात. या दोहोंमुळें मालवणजवळ सुमारें दीडशे मीटरांचा फरक पडतो. आजच्या मानानें खरें स्थान जुन्या आंकड्यांच्या किंचित् पश्चिमेस व उत्तरेस येतें. २००५ च्या नकाशाधोरणानंतरचीं सार्वजनिक पत्रकें 'डब्ल्यूजीएस ८४' वर आहेत. म्हणून एकाच कार्यालयाचीं जुनीं व नवीं पत्रकेंहि रूपांतराशिवाय जुळत नाहींत.

(३) तिसरे दोष नकाशाचे नसून आपल्या हातचे होत. मालवण यूटीएमच्या ४३ व्या पट्ट्यांत येतें. चुकून ४४ वा पट्टा सांगितल्यास तें सहा अंश पूर्वेस, म्हणजे आंध्रांत गुंटूरच्या पश्चिमेस पडतें. अक्षांश व रेखांश यांची अदलाबदल झाल्यास तें नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रांत जातें. मीटरांतील आंकडे अंश म्हणून वाचले गेल्यास तें नकाशाबाहेरच फेकलें जातें.

सर्वांत फसवी चूक निराळीच आहे. आंकडे कोणत्या पद्धतींतले आहेत हें प्रणालीस सांगणें ही एक क्रिया. त्यांचें दुसऱ्या पद्धतींत रूपांतर करणें ही दुसरी. पहिल्या क्रियेनें आंकडे बदलत नाहींत, दुसरीनें बदलतात. एव्हरेस्टच्या आंकड्यांवर नुसतें 'डब्ल्यूजीएस ८४' असें नांव चिकटविल्यास कोणतीहि तक्रार उठत नाहीं आणि दीडशे मीटरांची चूक कायम राहते.

यावर पुष्कळ जण चार-दोन खुणा जुळवून नकाशा ओढून-ताणून बसवितात. चित्र जुळतें, पण पुरावा बुडतो. ४.४ किलोमीटरांचा पूर्वेकडील भेद दिसतांच तें पत्रक जुन्या रेखांशावरचें आहे हें कळतें. तो भेद ताणून मिटविल्यावर तें कशावरून कळणार? तेव्हां आधीं समास वाचावा, मग पद्धत सांगावी, नंतर रूपांतर करावें, आणि शेवटीं उरलेलें अंतर टांचणांत नोंदवावें. समास कापून चिकटविलेल्या प्रतीचें मोल त्या मानानें कमीच धरलें पाहिजे.

मोडी अक्षरांतील हस्तलिखित नकाशांची गोष्ट वेगळी. त्यांत बहुधा अक्षांश-रेखांशांचें जाळेंच नसतें. वाट, नदी, डोंगर व गांवांचा क्रम हेंच त्यांचें प्रमाण. त्यांवर आजचें जाळें लादून ते 'चुकीचे' ठरविणें हा अन्याय होय. ज्या नकाशानें जें मोजल्याचा दावा केला, त्याचाच हिशेब त्याजकडे मागावा.